गाणं कथेला आडवं येतं तेव्हा

जर्मन नाटककार ब्रेख्तने शब्द लिहिले आणि संगीतकार कुर्ट वाइलने चाली बांधल्या, एवढ्यावर बहुतेक लोक हा विषय संपवतात. माझ्या मते तिथून तो सुरू होतो. ‘थ्री पेनी ऑपेरा’ पहिल्यांदा बर्लिनमध्ये 31 ऑगस्ट 1928 रोजी रंगमंचावर आला. त्याच्या सुरुवातीला मॅकी नावाच्या गुंडाचं एक गाणं आहे. शब्दांत खून आहेत, जाळपोळ आहे, बलात्कार आहे. चाल मात्र अशी, की एखाद्या आईने मूल थोपटताना गुणगुणावी. शब्द एका दिशेला ओढतात आणि सूर दुसऱ्या. ऐकणारा मध्ये सापडतो, आणि आपली मान डोलतेय ती नेमकी कशावर, हा प्रश्न त्याला पडतो. या जोडीचं मोठेपण मला इथे दिसतं. शब्दाला सुराने साथ द्यावी, ही आपली नेहमीची अपेक्षा. या दोघांनी सुराला शब्दाविरुद्ध साक्षीला उभं केलं.

ते गाणं जत्रेतलं आहे, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. जर्मनीतल्या जत्रांमधून गायक खुनाखराब्याच्या कथा चित्रं दाखवत गात असत आणि पैसे गोळा करत. ब्रेख्त-वाइलने तो प्रकार उचलून थिएटरात आणला. वादक अवघे सात, तेच वाद्यं बदलत वाजवायचे. गाणं आलं की उजेड बदले, फलक दिसे आणि नट प्रेक्षकांना सामोरा जाई. गोष्ट थांबलीय हे लपवायचा प्रयत्नच नाही.

हे वाचताना शिरूर तालुक्यातल्या कुठल्याही यात्रेत तमाशा पाहिलेल्या माणसाला नवल वाटणार नाही. वगात राजा दरबारात बसलेला असतो, संकट ऐन रंगात आलेलं असतं, आणि तेवढ्यात सोंगाड्या पुढे येऊन थेट गावच्या सरपंचाशी बोलतो. मग ढोलकीवर थाप पडते आणि साथीचे सुरत्ये पद उचलतात. कथा खोळंबते. लोकांना त्याचा राग येत नाही, उलट ते सावरून बसतात. बर्लिनमध्ये जे विचारपूर्वक घडवावं लागलं, ते आपल्याकडे वहिवाटीने चालत आलेलं होतं.

म्हणून 1978 साली पु. ल. देशपांडे यांनी ‘थ्री पेनी ऑपेरा’चा ‘तीन पैशाचा तमाशा’ केला, तेव्हा त्यांना परक्या रोपाला इथली माती लावावी लागली नाही. पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ते केलं आणि दिग्दर्शन होतं डॉ. जब्बार पटेल यांचं. हे डॉक्टर दौंडला लहान मुलांचा दवाखाना चालवत. दौंड म्हटलं की लोकांना जंक्शन आठवतं, मनमाडकडे फुटणारा फाटा आठवतो. मराठी रंगभूमीवर सर्वांत धीट संगीत नाटकं उभी करणारा माणूस त्या गावात मुलांचे ताप तपासत होता, हे दौंडकरांनी अभिमानाने सांगायला हवं. फारसं कुणी सांगत नाही.

पटेलांनी त्याआधी, डिसेंबर 1972 मध्ये, ‘घाशीराम कोतवाल’ केलं होतं. शब्द विजय तेंडुलकरांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचं. मराठीतली ब्रेख्त-वाइलच्या तोडीची जोडी मला विचाराल तर मी हीच सांगेन. एका रांगेत उभे राहिलेले ब्राह्मण गातात, डोलतात आणि त्यांचीच भिंत होते. ओठांवर देवाचं नाव आणि पाय बावनखणीतल्या नाचगाण्याकडे. कीर्तन चालू असता असता लावणी कधी सुरू झाली, ते कळत नाही. चंदावरकरांनी भक्तीचा सूर कुठेही विडंबनाने बिघडवला नाही. तो गोड ठेवला, म्हणूनच त्या भिंतीमागे चाललेला व्यवहार अंगावर येतो. चाल वाकडीतिकडी केली असती तर प्रेक्षक हसून सुटला असता.

‘तीन पैशाचा तमाशा’त हाच धागा पुढे गेला. संगीतात आनंद मोडक यांच्या जोडीला नंदू भेंडे होते. मुंबईत 1974 साली अलेक पदमसी यांनी बसवलेल्या ‘जीझस क्राइस्ट सुपरस्टार’मध्ये भेंडे यांनी ज्युडास केला होता. म्हणजे टिम राइस आणि अँड्र्यू लॉइड वेबर या दुसऱ्या एका जोडीच्या गाण्यांवर तापलेला गळा पुलंच्या गुंडाला मिळाला. मराठी नाट्यपदाचा थाट एका बाजूला आणि रॉकचा रांगडा ठोका दुसऱ्या बाजूला. काही जाणकारांना ही खिचडी वाटेल. मला वाटत नाही. नाटकातला समाजच जर एका सुरात बोलत नसेल, तर गाण्यांनी तरी का बोलावं?

गाणं आणि कथा यांच्या नात्याची दोन टोकं याच भागात दिसतात. दौंड तालुक्यात चौफुल्याला संगीत बारीची कलाकेंद्रं आहेत. तिथे लावणी आहे, अदा आहे, पेटी-तबला-ढोलकी आहे, पण वग नाही. कथेपासून सुटलेलं गाणं तिथे स्वतःच्या बळावर उभं राहतं. शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईने याउलट कथेत गाणं ओवणारा माणूस दिला. बशीर मोमीन कवठेकर यांनी ढोलकी फडांसाठी गण, गौळणी, लावण्या आणि वग लिहिले. गणपतीला वंदन करणारा गण एका मोमीनाच्या लेखणीतून उतरावा, यात तमाशाला कधीच काही वेगळं वाटलं नाही. सरकारचा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. 2021 साली ते गेले.

वाइलचं नशीब असं, की 1933 साली त्याला जर्मनी सोडावी लागली, 1950 साली तो न्यूयॉर्कमध्ये वारला, पण त्याची स्वरलिपी छापलेली राहिली. आज कुठल्याही देशातले सात वादक ती समोर ठेवून वाजवू शकतात. वगाच्या पदांचं तसं नाही. शब्द वहीत असतात, चाल सुरत्याच्या गळ्यात आणि लय ढोलकीवाल्याच्या बोटांत. त्यातच फडात रंगबाजी वाढली, चित्रपटगीतांनी वेळ खाल्ला आणि वग आखडत गेला. वग आखडला की गाण्याला आडवं येण्यासाठी कथाच उरत नाही, उरतो नुसता गाण्यांचा कार्यक्रम. याचं मला मनापासून दुःख होतं.

दौंड आणि शिरूर, दोन्ही गावांत महाविद्यालयं आहेत. चैत्रातल्या यात्रांसाठी गावोगावचे लोक नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्यांमध्ये सुपारी द्यायला जातात, तेव्हा मराठीच्या आणि संगीताच्या विद्यार्थ्यांनीही त्यांच्याबरोबर जावं. फडातल्या सर्वांत जुन्या सुरत्याला आणि ढोलकीवाल्याला शेजारी शेजारी बसवावं आणि एक अख्खा वग पदांसकट, सोंगाड्याच्या आगाऊपणासकट ध्वनिमुद्रित करावा. मोमीन कवठेकरांच्या एखाद्या वगापासून सुरुवात केली तर उत्तम.