नित्याचे ऋण, नित्याची फेड



मनुष्य जगतो म्हणजे सृष्टीकडून अखंड काही ना काही घेत असतो. कोणालाही न दुखावता, कशालाही धक्का न लावता एक दिवसही जगता येत नाही, ही जाणीव आपल्या पूर्वजांना होती. धर्मशास्त्रात गृहस्थाच्या घरातील पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. त्यांना ‘पंचसूना’ असे म्हणतात. चूल, जाते-पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा ही ती पाच स्थाने होत. या यादीत शस्त्र नाही, पारध्याचे जाळे नाही, चोरीचा ऐवज नाही. सज्जनाच्या, कष्टाने पोट भरणाऱ्याच्या घरातील या रोजच्या वस्तू आहेत. चुलीत लाकडाबरोबर किडा जळतो, केरसुणीखाली मुंगी सापडते, घड्यातील पाण्याबरोबर सूक्ष्म जीव येतो. हेतू शुद्ध असला तरी हानी घडतेच, हे शास्त्रकारांनी निःसंकोचपणे मांडले.

यावर त्यांनी काय उपाय सांगितला? चूल विझवावी, घडा फोडावा असे सांगितले नाही. हानी रोज घडते, म्हणून तिची फेडही रोज करावी, असे सांगून ब्रह्मयज्ञ, पितृयज्ञ, देवयज्ञ, भूतयज्ञ आणि नृयज्ञ हे पाच महायज्ञ नेमून दिले. त्यांतील भूतयज्ञ म्हणजे प्राणिमात्रांचा वाटा आपल्या जेवणाआधी बाजूला काढणे. ज्याला आज पर्यावरणरक्षण म्हटले जाते, त्याचा नैतिक पाया या साध्या व्यवहारात आहे.

पाच स्थाने आजही घरातच आहेत

काळ बदलला, वस्तू बदलल्या. परंतु पाचही स्थाने प्रत्येक घरात तशीच आहेत. फरक एवढाच की पूर्वी हानी डोळ्यांसमोर होत असे, आज ती दूर कोठेतरी होते. मुंगी दिसत होती. कोळशाच्या खाणीजवळचे गाव आपल्याला दिसत नाही.

पाण्याचा घडा घ्या. भिवंडी शहराच्या नळाला येणारे बहुतेक पाणी बाहेरून आणावे लागते. गावच्या वऱ्हाळा तलावाचा त्यातील वाटा अल्प आहे. शेजारच्या शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जाते. पुढे वैतरणा व भातसा यांचेही पाणी गेले. याच तालुक्यातील अनेक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला ८६,४०० थेंब गाळतो, म्हणजे जवळजवळ बादलीभर पाणी. ती बादली कोणाच्या तरी डोक्यावरून उतरलेली असते, असे समजून नळ दुरुस्त करावा.

चूल आणि जाते आता गॅसवर व विजेवर चालतात. आपल्या देशातील बहुतांश वीज आजही कोळशापासून तयार होते आणि एका युनिटमागे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी दिवा लावला आणि तो रोज सहा तास जळला, तर वर्षाला सुमारे ११० युनिट वीज वाचते. एका दिव्यामागे पाऊणशे किलोंहून अधिक वायू हवेत जायचा राहतो. डाळ व कडधान्य आधी भिजवून ठेवणे, भांड्यावर झाकण ठेवणे, कुकर वापरणे या आजीच्या काळच्या सवयी इंधनाच्या हिशेबातही पक्क्या उतरतात.

उखळ-मुसळ म्हणजे धान्य आणि अन्न. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले आणि त्यातील जवळजवळ साठ टक्के घराघरांतून टाकले गेले. एक किलो तांदूळ पिकण्यामागे सुमारे अडीच हजार लिटर पाणी लागते. तेव्हा ताटात टाकलेला भात म्हणजे न वापरता ओतून दिलेले पाणीच होय. महाप्रसादाच्या पंगतीत थोडे वाढून घ्यावे, हवे असल्यास पुन्हा मागावे; अन्न उरवण्यात श्रीमंती नाही.

राहिली केरसुणी. तिचे महत्त्व महाराष्ट्राला संत गाडगेबाबांनी शिकवले. ज्या गावी कीर्तन, तेथे आधी हातात खराटा, हा त्यांचा नेम होता. ते गेले १९५६ साली, आणि २०००-०१ मध्ये राज्य शासनाने ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचेच नाव दिले. आजच्या केराची अडचण अशी की तो झाडून संपत नाही. केवळ दुसऱ्याच्या दाराशी जातो. ओला व सुका कचरा एकत्र साठला की त्याच्या ढिगात हवा पोचत नाही आणि कुजताना मिथेन वायू तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा पंचवीसहून अधिक पट उष्णता धरून ठेवतो. तोच ओला कचरा कुंडीत मातीबरोबर मुरला तर खत होतो. म्हणजे वेगळे करण्याच्या दोन मिनिटांवर तो विष होणार की अन्न, हे ठरते.

‘माझ्या एकट्याने काय होणार?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. एका माणसाने पिशवी नाकारल्याने समुद्र स्वच्छ होत नाही, हे खरे. परंतु २६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबई-ठाणे परिसर पाण्याखाली गेला. पाऊस अभूतपूर्व होताच, पण पाणी निघून जाण्याच्या वाटा प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी बुजल्या होत्या, हेही सर्वांनी पाहिले. त्यातील कोणतीही एक पिशवी उचलून विचारले असते, तर ती टाकणारा म्हणाला असता, ‘माझ्या एका पिशवीने काय होणार?’ आणि त्याचे म्हणणे खरेही ठरले असते. प्रत्येकाचे म्हणणे खरे आणि गटार मात्र तुंबलेले! ज्या युक्तिवादाने सर्वच जण निर्दोष ठरतात आणि हानी तशीच उरते, त्यात कोठेतरी चूक असली पाहिजे. चूक ही की हानी वाटून घेतली म्हणजे ती नाहीशी होत नाही. आपल्या वाट्याची हानी लहान असेल, पण ती आपलीच असते.

त्या पुरानंतर महाराष्ट्रात पातळ पिशव्यांवर निर्बंध आले, २३ मार्च २०१८ रोजी राज्याने व्यापक प्लॅस्टिकबंदी जाहीर केली आणि १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. बांगलादेशाने तर पुरांत गटारे तुंबल्याचा अनुभव घेऊन २००२ मध्येच अशा पिशव्या बंद केल्या होत्या. कायदे झाले, पण हात पुढे करून पिशवी मागणारा जोवर आहे, तोवर ती देणारा कोठून तरी आणतोच. नारपोलीत आणि सबंध भिवंडीत यंत्रमागांची खडखड रात्रंदिवस चालते. जे गाव देशाला कापड पुरवते, तेथे भाजी आणायला कापडी पिशवी मिळू नये, यासारखा विरोधाभास नाही. घरातल्या जुन्या चादरीतून चार पिशव्या सहज शिवून होतात.

मोठ्यांचे काय?

यावर आणखी एक आक्षेप घेतला जातो. कामवारी नदी काळी झाली ती आमच्या आंघोळीने नव्हे; कारखान्यांचे रंगीत पाणी आणि शहराचे सांडपाणी प्रक्रियेविना सोडले जाते, त्याला सामान्य माणूस काय करणार? हा आक्षेप रास्त आहे. घरातल्या बचतीने नदी शुद्ध होणार नाही. त्यासाठी शुद्धीकरण केंद्रे, कायद्याची अंमलबजावणी आणि जागरूक नागरिक हवेत. लहान सवयींचे कौतुक करून मोठ्यांचा दोष झाकला जात असेल, तर ती लबाडीच होय. पण मोठ्याचा दोष दाखवून आपला नळ वाहता ठेवणे हेही त्याच जातीचे आहे. शेजाऱ्याने कर्ज बुडवले म्हणून आपले कर्ज माफ होत नाही. उलट, जो आपल्या घरातील हिशेब चोख ठेवतो, त्याच्याच तोंडी कारखानदाराला व नगरसेवकाला विचारलेला जाब शोभून दिसतो.

दानाने हे फिटते काय?

येथे येणाऱ्या दात्यांपुढे हा प्रश्न नम्रपणे ठेवावासा वाटतो. दान हे श्रेष्ठ कर्म आहे. त्यातून भुकेल्याच्या मुखी घास जातो. परंतु शास्त्राने कर्मांचे नित्य, नैमित्तिक आणि काम्य असे प्रकार केले आहेत. काम्य कर्म फळासाठी करायचे. नित्यकर्माचे वेगळे फळ मीमांसकांनी सांगितले नाही. ते टाळले तर मात्र दोष लागतो, असे म्हटले. पंचसूनांची फेड ही नित्यकर्मात मोडते. म्हणून एकदाच मोठी रक्कम देऊन ती संपवता येत नाही. दिवसभर घरचा नळ वाहता ठेवून संध्याकाळी पाणपोईला देणगी दिली, तर पाणपोईचे पुण्य पाणपोईचे आणि नळाचा दोष नळाचा; एकातून दुसरे वजा होत नाही. जगात आता विमानप्रवासाच्या धुराची भरपाई म्हणून झाडे लावण्यासाठी पैसे भरण्याची सोय आहे. झाड लावणे चांगलेच. पण धूर आज सुटतो आणि झाड तो अनेक वर्षांत शोषते, तेही जगले तर.

‘माझ्या एकट्याने काय होणार?’ या प्रश्नाचे शेवटचे उत्तरही येथेच सापडते. नित्यकर्म करणारा ‘याने काय होईल?’ असे विचारत नाही. संध्याकाळी देवापुढे दिवा लावला म्हणून जगातील अंधार नाहीसा होत नाही. तरी आपण तो लावतो.

काय निवडावे?

सगळ्या सवयी सारख्या वजनाच्या नसतात. वर्षातून एकदा तासभर दिवे मालवणे सोपे आणि दिसायला शोभिवंत. रोज कचरा वेगळा करणे कंटाळवाणे, पण वजनदार. निवड करताना तीन कसोट्या लावाव्यात. ही गोष्ट रोज घडते काय? तिच्यामुळे दुसऱ्या कोणाचे पाणी, हवा वा जमीन खरोखर वाचते काय? आणि कोणी पाहत नसतानाही ती टिकेल काय? या कसोटीला उतरणारे पाच संकल्प, पाच स्थानांसाठी, पुढे दिले आहेत.

१. घडा – गळका नळ आठवडाभरात दुरुस्त करीन; आंघोळ बादलीने करीन.

२. चूल – झाकण, कुकर आणि भिजवण यांशिवाय इंधन जाळणार नाही. दर्शनाला शक्य तेव्हा एसटीने किंवा वसई-दिवा मार्गावरील रेल्वेने भिवंडी रोड स्थानकापर्यंत येईन. गाडीच आणावी लागली तर ती भरून आणीन.

३. जाते – खोलीतून निघताना दिवा-पंखा बंद करीन. नवी वस्तू मागवण्यापूर्वी जुनी दुरुस्त होते का, ते पाहीन. या परिसरातील गोदामांतून घरोघरी जाणाऱ्या प्रत्येक खोक्यामागे इंधन आणि वेष्टन असते.

४. उखळ – ताटात लागेल तेवढेच घेईन. उरलेले त्याच दिवशी माणसाच्या किंवा जनावराच्या मुखी जाईल, असे पाहीन.

५. केरसुणी – ओला-सुका कचरा वेगळा ठेवीन. निर्माल्य पिशवीसकट पाण्यात सोडणार नाही. फुले मातीला देईन. देवाला वाहिलेल्या फुलाने नदीचा श्वास कोंडावा, हे देवालाही रुचणार नाही.

यांपैकी पाचही जमले नाहीत तरी एक धरावा आणि सोडू नये. एक सवय मुरली की दुसरी तिच्या मागून येते. दर्शन घेऊन आपण सुखरूप घरी पोचावे आणि घरातील पाचही स्थानांवर आपला हात थोडा हलका पडावा, हीच प्रार्थना.