भूक आणि दोष

वाशीम हा सोयाबीन-तुरीचा जिल्हा. २०१८ साली केंद्र शासनाने त्याची आकांक्षित जिल्ह्यांत गणना केली, तेव्हा पोषण हाही एक निकष होता. अशा ठिकाणी भूक मंदावणाऱ्या औषधांचा विचार कुणाला विसंगत वाटेल. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील १८.७ टक्के स्त्रिया कृश, तर २४ टक्के अतिवजनी आढळल्या. दोन्ही दुःखे शेजारी-शेजारी नांदतात. मात्र कृश व्यक्तीची आपल्याला कणव येते आणि स्थूल व्यक्तीला आपण उपदेश करतो, ‘तोंडावर ताबा ठेवा!’ हा उपदेश न्याय्य आहे काय?

अशा औषधांचा इतिहास सावध करणारा आहे. सिब्युट्रामीनच्या गोळ्यांनी वजन थोडे उतरे. पण हृदयविकार वा मधुमेह असलेल्या सुमारे दहा हजार रुग्णांच्या चाचणीत हृदयाघात व पक्षाघाताचा धोका वाढलेला दिसला आणि २०११ मध्ये भारताने त्यांवर बंदी घातली. सेमाग्लुटाइड हे नवे औषध आतड्यातील तृप्तीच्या संप्रेरकाचे अनुकरण करते. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दोन्ही गटांना आहार-व्यायामाचे सारखेच मार्गदर्शन होते. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी सुमारे १५ टक्क्यांनी घटले. औषधविरहित इंजेक्शन घेणाऱ्यांचे अडीच टक्क्यांनीही नाही. औषध थांबल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आले.

या लोकांचे चारित्र्य ६८ आठवडे उजळले आणि पुढे मलिन झाले, असे कोणी म्हणेल काय? बदलली ती त्यांची भूक. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकातच हा भेद केला होता. खादाडपणा हा विवेक सोडलेल्या वासनेचा दोष. देहाची नैसर्गिक भूक विवेकाच्या आज्ञेत नसते, म्हणून तिला पाप वा पुण्य चिकटत नाही.

मग संयमाला अर्थ उरला नाही काय? उरला आहे. उपवास म्हणजे भूक असताना स्वेच्छेने केलेला त्याग. औषधाने भूक मंदावल्यावर कमी खाणे हा सद्गुण नाही, तो उपचार आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो घेण्यात लाज नसावी आणि त्याचा गर्वही नसावा.

गुडघेदुखीने बेजार होऊन रुग्णालयाची पायरी चढणारी स्थूल स्त्री वाशीममध्येही असते. तिला उपचार हवा असतो. दोष तिने आधीच पुष्कळ ऐकलेला असतो. तोंडावर ताबा हवाच, पण तो प्रथम आपण ठेवावा.