कोयनेत पाणी किती झालं?

पावसाळ्यात सातारा-सांगलीच्या घरांत सकाळी दोन आकडे हमखास विचारले जातात. कोयनेत पाणी किती टीएमसी झालं आणि सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर आली. १०५ टीएमसीचं धरण भरत आलं की नदीकाठचं कुणी निवांत झोपत नाही. अंथरुणाला खिळलेले आबाही हेच विचारतात. डॉक्टरांनी 'आता घरीच न्या' म्हणून सांगितलेलं असतं. घरातली माणसं दबक्या आवाजात बोलत असतात. आणि आबांना कोयनेची काळजी असते.

आपण मात्र त्यांना दिवसभर एकच विचारतो, "कसं वाटतंय?" दुखण्याची चौकशी हवीच, वेदनेवरचं औषधही वेळच्या वेळी हवं. पण १९६७ साली लंडनमध्ये शेवटच्या आजारातल्या माणसांसाठी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स सांगत, की वेदना शरीरापुरती नसते. तिच्यात मनाचं, घरादाराचं, एकटं पडल्याचंही दुखणं असतं. या एकटेपणावर गोळी नाही. तिथं घरचं माणूसच लागतं.

म्हणून खोलीत जाताना बाहेरची एक तरी बातमी घेऊन जावं. हळदीला काय दर निघाला, म्हैस व्याली का, ओढ्याला पाणी आलं का. त्याहून चांगलं म्हणजे सल्ला विचारावा. "आबा, आडसाली उसाची लागण या आठवड्यात करू का वाफसा येऊ दे?" एरवी दोन घास नको म्हणणारा माणूस यावर सविस्तर बोलतो, कधी रागावतोसुद्धा. तो रागही मला फार मोलाचा वाटतो. घरात आपला शब्द अजून चालतो, हे त्यातून त्यांना कळतं. दवाखान्यातही हेच लागू पडतं. मिरजेत डॉ. वॉनलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उघडलं. आजही त्या गावात कोकणातून, कर्नाटकातून आजारी माणसं येतात. अशा परगावच्या माणसाला सलाईन लावताना सिस्टरनं "तुमच्याकडं पेरण्या झाल्या का?" एवढं विचारलं, तरी त्याला गावाकडचं कुणी भेटल्यासारखं वाटतं.

या सवयीनं सेवा करणाऱ्यालाही बळ येतं. रोज काहीतरी सांगायचं म्हटलं, की रस्त्यानं जाताना शिवाराकडं लक्ष जातं. दुखण्यानं जड झालेलं मन थोडा वेळ उसाच्या पाल्यात, पोरांच्या शाळेत रमतं. एखाद्या दिवशी आबा नुसते डोळे मिटून ऐकतील, उत्तर देणार नाहीत. तरी सांगावं. आज कामावर निघण्याआधी एवढं विचारून घ्या, लागणीला बेणं कुणाकडचं आणायचं.