आरंभीची शिल्लक

वालधुनीच्या काठी, अंबरनाथच्या शिवालयाच्या आवारात, मुंबईच्या एका कचेरीत तीस वर्षे हिशेबनिशी केलेले बदलापूरचे अण्णा माझी वाटच पाहत बसले होते.

"मास्तर, नातवाच्या पुस्तकात वाचले की निघाल्या जागी परतणाऱ्याचे विस्थापन शून्य. बदलापूर ते बोरीबंदर ६८ किलोमीटर, रोज गेलो नि आलो. म्हणजे माझा सारा जमाखर्च शून्यच की!"

"अण्णा, तो शून्य येतो कसा, ते आधी पाहा. अंबरनाथ सोडताना लोकल रेंगाळते, मध्ये वेग घेते, बदलापूर आले की मंदावते, त्या प्रत्येक क्षणाचा वेग त्या इवल्या क्षणाने गुणून सर्व गुणाकारांची बेरीज करणे, याचेच नाव संकलन. मुंबईकडचा वेग धन धरला की परतीचा ऋण होतो, आणि बेरीज शून्य येते. चिन्ह पुसून बेरीज केलीत, तर १३६ किलोमीटर अंतर हाती लागते."

"म्हणजे एक शिल्लक, दुसरी उलाढाल!" अण्णांचा चेहरा खुलला, पण लगेच, जुन्या हिशेबनिसाच्या संशयाने, त्यांनी विचारले, "मग पलीकडच्या उल्हासनगरातल्या सिंध्यांचे काय? विस्थापित हा शब्द तर सरकारदरबारी त्यांनाच लागला."

मी थबकलो. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आणून वसवलेल्या त्या लोकांचा प्रवास केवळ बेरजेत मावणारा नव्हता.

"अण्णा, वेगाची नोंद अक्षरशः क्षणाक्षणाची असली, तरी संकलनाने कळते ते एवढेच, की निघाल्या जागेपासून आपण किती सरकलो. निघालो कोठून, हे त्या नोंदीत कोठेच नसते. ते बाहेरून, स्थिरांक म्हणून, मांडावे लागते."

"आरंभीची शिल्लक! मागच्या वहीवरून ओढून आणायची." ते बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. "आणि ज्याची मागची वहीच सरहद्दीपलीकडे राहिली, त्याने काय मांडायचे?"

याला माझ्या शास्त्रात उत्तर नव्हते, आणि ते आहे असे भासवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले.

उल्हासनगरात आजही पत्ता सांगताना कॅम्पचा आणि बराकीचा नंबर सांगतात.