गावकुसाखालचे नाम

वारकरी मायबापहो, प्रपंच सोडल्यावाचून परमार्थ नाही, असे पुष्कळजण म्हणतात. आम्ही त्यांस मंगळवेढे दाखवितो. चोखोबाराय राबून पोट भरीत. आणि घर कसे? पत्नी सोयराबाई, पुत्र कर्ममेळा, बहीण निर्मळा, मेहुणे बंका, साऱ्यांचे अभंग आजही गाइले जातात. प्रपंचाचाच परमार्थ झाला!

१३३८ साली गावकूस बांधताना ते कोसळले, चोखोबा त्याखाली गेले. नामदेवरायांनी अस्थी विठ्ठलनामावरून ओळखल्या, अशी परंपरा सांगते. ज्यांनी गावाला कूस घातले, त्यांना गावाने कुसाबाहेरच ठेवले. पंढरीचे राऊळ त्यांच्या लेकरांना खुले झाले १९४७ साली!

महाद्वारी त्यांच्या समाधीपुढे माथा टेकताना एवढे मनाला पुसावे: आपली भिंत बांधणाऱ्यास आपण आत बसवितो काय?