लाखोलीतलं एक

वाईला आमची आजी श्रावणात महादेवाला बेलाची लाखोली वाहायची. ओसरीवर परात, परातीत धुऊन निथळलेला बेल. शंभर झाले की एक चिंचोका बाजूला. हजार चिंचोके झाले की लाख. त्रिदळ म्हणजे एक. एखादं दळ गळालेलं असलं किंवा किडीनं भोक पाडलेलं असलं, की ते बाद. शेजारच्या काकूंनी एकदा सुचवलं, शंभर तोलून घ्या आणि बाकीचे वजनावर धरा. आजी म्हणाली, "लाख भरतील गं, पण वाहिलं कुठलं?"

परवा भाच्यानं संगणकाकडून बेल मोजून घ्यायला माझ्या परातीचा फोटो काढून तीन त्रिदळांभोवती चौकटी ओढल्या. संगणकानं याआधी बेल पाहिलेला असायची गरज नाही म्हणे. तीन नमुने पुरतात. अशा मोजणीवरच्या 2021 सालच्या एका संशोधनात 147 प्रकारच्या वस्तूंची सहा हजारांहून जास्त चित्रं वापरली होती. आमचं उत्तर आलं 63.4.

"हे दशांश चार कुठून आले रे?"

"मावशी, तो कुठल्याच पानाला 'हे एक' म्हणत नाही. चित्रभर कुठे किती दाटी आहे ते मांडतो आणि त्या सगळ्याची बेरीज करतो."

मी वर्षानुवर्षं वैशेषिक दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद शिकवला. वैशेषिकांच्या मते संख्या हा गुण. पण दोनपासून पुढची संख्या अपेक्षाबुद्धीतून उपजते, म्हणजे 'हे एक, हे एक' अशा जाणिवेतून. ती जाणीव सरली की द्वित्व, म्हणजे दोनपणही नाहीसं होतं. मुलं विचारायची, मी पाठ फिरवली तर दोन आंबे दोन राहत नाहीत का? माझं उत्तर मलाच कधी पुरलं नाही.

मग भाच्यानं चौकटी पुसून एकेका सुट्या दळाभोवती ओढल्या. परात तीच, फोटो तोच, आणि उत्तर जवळजवळ तिप्पट. माझ्या अंगावर काटा आला. 'एक' कशाला म्हणायचं हे त्या तीन चौकटींनी आधीच सांगून टाकलं होतं. अपेक्षाबुद्धी भाच्याच्या बोटात होती.

महाभारताच्या वनपर्वात राजा ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं पाहून सांगतो: दोन फांद्यांवर पाच कोटी पानं, 2095 फळं. त्याचा सारथी झालेला नळ ते मानून पुढे जात नाही. रथ थांबवून झाड तोडतो, फळं मोजतो. आकडा जुळतो, तेव्हाच तो ती मोजण्याची विद्या मागतो. ती मिळाल्यावर नळाला पछाडणारा कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. ऋतुपर्ण खोटा नव्हताच, काकूंचा तराजूही खोटा ठरला नसता. पण देवाला कबूल केलेली लाखोली बेरजेची नसते, असं मी मानते. लाख वेळा 'हे एक' म्हणायला माणूस लागतो, आणि त्याचा अख्खा श्रावण लागतो.

भाचा गेल्यावर मी परात पुढे ओढली. दोन पानं किडलेली निघाली. उरलेली एकेक करून वाहिली. एकसष्ट झाली.