कुणाच्या कोपराचं माप?

एखाद्याचं काम सोपं करून देणं आणि त्या कामात वाटा उचलणं, या दोन गोष्टी एकच का? बेळगावच्या आमच्या घरी हा प्रश्न आला तो एका फळीच्या निमित्तानं.

मागच्या बाजूला धुण्याचं मशीन आहे, तिथं भिंतीला इस्त्रीची घडीची फळी बसवायची ठरली. काम झालं की वर उचलून भिंतीला लावायची, जागा मोकळी. "तुझी सोय होईल," असं घरात प्रत्येकजण म्हणाला. मिस्त्रीनं टेप काढून विचारलं, "वहिनी, तुमच्या कोपराच्या मापानं धरू काय?"

त्याचं बरोबरच होतं. फळी कोपराच्या जरा खाली असली की खांदे उचलावे लागत नाहीत, कंबर वाकत नाही. पण भिंतीत भोकं पाडून एकदा स्क्रू बसले की ती उंची कायमची. माझ्याहून वीतभर उंच माणसानं तिथं वाकून उभं राहायचं, आणि दोन दिवसांत "मला नाही जमत तिथं" म्हणायचं. माप माझं, म्हणून कामही माझंच.

१८९२ साली अमेरिकेत सारा बून या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय बाईंनी इस्त्रीच्या सुधारित फळीचं पेटंट घेतलं. बायकांच्या कपड्यांच्या बाह्या नीट बसाव्यात म्हणून त्यांची फळी अरुंद आणि बाकदार होती. कपड्याचं माप त्यांनी फळीला दिलं. माणसाचं माप देताना मात्र आपण घरातल्या एकाच माणसाकडे बघतो.

रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं 'मोअर वर्क फॉर मदर' हे पुस्तक १९८३ मध्ये आलं. घरात यंत्रं आली, पुरुषांची आणि मुलांची कामं कमी झाली, आईचं काम मात्र तसंच राहिलं, असं त्या दाखवतात. आपणही बघतोच की! मशीन आलं तसे रोज धुतलेले कपडे लागायला लागले, आणि धुतलेल्या कपड्यांना इस्त्री आलीच.

कुणी म्हणेल, एवढा विचार कशाला, परटाकडे द्यावेत कपडे. द्यावेत की. तिथं निदान कपड्यामागे दर ठरतो. घरातल्या इस्त्रीला दर नाही, म्हणून ती मोजलीच जात नाही.

आपल्याकडे कर्माचा हिशेब कृत, कारित आणि अनुमोदित असा तिन्ही अंगांनी मांडतात. स्वतः केलेलं, दुसऱ्याकडून करवलेलं आणि दुसऱ्यानं केलेल्याला मान डोलावलेलं, तिन्ही आपल्याच खात्यावर. पापाच्या बाबतीत हे आपण मुलांना लहानपणीच शिकवतो. मग घरातल्या कष्टाला तेच का लावू नये? कडक इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडणारा त्या अर्ध्या तासाच्या उभं राहण्यात सामील असतोच. त्यानं फळी आणून दिली, म्हणून त्याचा वाटा फिटत नाही.

आम्ही वरखाली सरकणारी फळी घेतली. थोडे पैसे जास्त गेले. प्लग नळापासून लांब घेतला, आणि बटण सगळ्यांच्या हाताला येईल असं बसवलं.

मैत्रिणींनो, तुमच्याकडे मिस्त्री येईल त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना भिंतीपाशी बोलवा. एकेकाच्या कोपराचं माप घ्यायला सांगा, आणि मगच भोकं पाडू द्या.